काडीवरचे मांस, कढईतले तेल

लग्नानंतरचा स्वागत समारंभ असो, इमारतीच्या गच्चीवरची ३१ डिसेंबरची रात्र असो किंवा घरी जमलेली रविवारची मित्रमंडळी असोत, मांसाहारी लोक जिथे एकत्र येतात तिथे हल्ली एक ताट हमखास फिरत असते. त्यात काडीला टोचलेले चिकनचे तुकडे असतात, सीख कबाब असतात किंवा हाडाची दांडी धरून खायचे लॉलीपॉप असतात. बहुतेक सगळे तळलेले. काडी उचलायची, चटणीत बुडवायची आणि गप्पांच्या ओघात तोंडात टाकायची. किती खाल्ले हे कुणी मोजत नाही, कारण हे काही 'जेवण' नव्हे, हे जेवणाआधीचे.

या ताटाबद्दल आहारतज्ज्ञाला दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. काहीजण विचारतात, "मांस म्हणजे शुद्ध प्रथिने, मग कितीही खाल्ले तर बिघडले कुठे?" दुसरे म्हणतात, "तळलेले मांस म्हणजे विषच ना?" मला वाटते, दोघांचेही लक्ष चुकीच्या ठिकाणी आहे. त्या काडीवर तीन गोष्टी असतात. मांस, मांसावरचे आवरण आणि त्यात शिरलेले तेल. तळल्यामुळे मांसाचे पोषण फारसे कमी होत नाही. पदार्थ अंगी लागेल की अंगावर येईल, हे ठरवतात बाकीच्या दोन गोष्टी. आणि त्या दोन्ही आपल्या हातात आहेत. म्हणूनच त्यांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

निखाऱ्यावरून कढईत

सळईला मांस टोचून शिजवण्याची पद्धत फार जुनी आहे. संस्कृतात सुळावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' असा शब्द आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मांसाच्या अनेक पदार्थांचे वर्णन येते आणि त्यात निखाऱ्यावर भाजलेले मांसही आहे. 'सीख' हा शब्द फारसी, त्याचा अर्थच सळई. मुंबईत महंमद अली रोडच्या गल्ल्यांत रमजानच्या दिवसांत संध्याकाळनंतर जो धूर दिसतो, तो याच परंपरेचा.

म्हणजे मुळात हा भाजण्याचा पदार्थ. सळईवरच्या मांसातली चरबी वितळून खाली निखाऱ्यात पडायची आणि वर राहायचे ते मांस. पण फ्लॅटच्या स्वयंपाकघरात निखारे कुठून आणायचे? दुकानात गोठवलेल्या कबाबांची पाकिटे मिळू लागली. घरी आणून तव्यावर किंवा कढईत परतणे सोपे झाले. केटररलाही दोनशे माणसांना गरम गरम काड्या पुरवायच्या तर शेगडीपेक्षा कढई सोयीची. अशा रीतीने काडीवरचे मांस निखाऱ्यावरून तेलात आले. आता चरबी गळून जाण्याऐवजी तेल आत येऊ लागले. पदार्थाचे नाव तेच राहिले, पण त्याचा पोषणाचा हिशेब बदलला.

मांसात असते काय?

आधी मांसाकडे पाहू. कातडी काढलेल्या कच्च्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला साधारण २० ते २३ ग्रॅम प्रथिने असतात. छातीच्या भागात थोडी जास्त, मांडीच्या भागात थोडी कमी. चरबी छातीच्या भागात दोन-तीन ग्रॅम, मांडीत चारच्या आसपास. बाकीचा बराचसा भाग पाणी, जवळजवळ तीन चतुर्थांश. बोकडाच्या चरबीविरहित मांसातही प्रथिने २० ग्रॅमच्या घरात असतात. शिवाय त्यात लोह दोन ते तीन मिलिग्रॅम मिळते. चिकनच्या छातीच्या मांसात ते एक मिलिग्रॅमही नसते.

'भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद' म्हणजे आयसीएमआरने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीला साधारण ४१ ते ४२ ग्रॅम. पन्नास-पन्नास ग्रॅम मांस असलेल्या दोन काड्यांतून त्यातली जवळपास निम्मी गरज भागते. ही काही लहान गोष्ट नाही.

तळल्यावर या प्रथिनांचे काय होते? अंडे उकडले की घट्ट होते तशी मांसातली प्रथिनेही गोठतात, पण नाहीशी होत नाहीत. उलट ती पचायला सोपी होतात. लोह तर धातूच आहे, ते जळून जात नाही. 'ब-१२' हे जीवनसत्त्व निसर्गतः फक्त प्राणिज पदार्थांतच मिळते. त्यातले थोडे कमी होते, पण बरेचसे टिकते. उष्णतेने ज्याचे जास्त नुकसान होते ते 'ब-१', आणि ते आपल्याला डाळी व धान्यांतूनही मिळते. मांसाचे वजन मात्र तळल्यावर चौथा हिस्सा ते एक तृतीयांश एवढे घटते, कारण पाणी निघून जाते. म्हणून तळलेली काडी लहान दिसली तरी तिच्यातले पोषण तेवढेच लहान झालेले नसते.

चुरचुरणारे पाणी आणि आत शिरणारे तेल

मांस गरम तेलात सोडले की चुरचुर असा आवाज येतो. हा आवाज खरे तर पाण्याचा असतो. तेल १७० ते १८० अंश सेल्सियस तापलेले असते आणि पाणी १०० अंशांना उकळते. त्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर झेपावते. आपल्याला दिसणारे बुडबुडे म्हणजे ही वाफ. ती जोवर जोराने बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. दारातून गर्दी बाहेर पडत असताना आपल्याला आत घुसता येत नाही, तसेच हे.

मग तेल आत जाते कधी? बहुतांशी काडी कढईतून बाहेर काढल्यानंतर. बाहेर आल्यावर पदार्थ निवू लागतो, आतली वाफ पुन्हा पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल सूक्ष्म छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणजे आपण जे तेल खातो, त्यातले पुष्कळसे काडी बाहेर काढताना तिला चिकटून आलेले असते. यातून घरातल्या कुणालाही पाळता येईल असा नियम निघतो. काडी झाऱ्यावर घेऊन कढईवरच अर्धा मिनिट धरावी, हलकेच झटकावी आणि लगेच जाळीवर ठेवावी. कागद वापरायचा तर तोही गरम असतानाच. दहा मिनिटांनी कागदावर ठेवून उपयोग नाही, तोवर तेल आत पोचलेले असते.

तेल पुरेसे तापलेले नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो, वरचा थर लवकर घट्ट होत नाही, काडी जास्त वेळ तेलात राहते आणि तेलकट होते. लहान कढईत एकदम आठ काड्या सोडल्या किंवा फ्रिजमधून काढलेले थंडगार मांस तसेच तेलात टाकले तर नेमके हेच होते. म्हणून एका वेळी तीन-चारच काड्या सोडाव्यात. पिठाचा थेंब टाकल्यावर तो लगेच वर आला तर तेल योग्य तापले आहे असे समजावे. तेलातून धूर निघत असेल तर ते प्रमाणाबाहेर तापले आहे.

आवरणाचा हिशेब

आता आवरण. नुसत्या मांसाचा पृष्ठभाग तळताना आवळून घट्ट होतो. पिठाचा थर मात्र पाणी निघून गेल्यावर सच्छिद्र होतो आणि ती छिद्रे तेलाने भरतात. पावाचा चुरा तर मुळातच कोरडा आणि सच्छिद्र. म्हणून तो छान कुरकुरीत होतो आणि म्हणूनच तेलही जास्त धरतो. लॉलीपॉपवरचे मैदा, कॉर्नफ्लोअर आणि अंड्याचे जाड आवरणही याच जातीचे.

एक ढोबळ हिशेब करू. काडीवर मांडीचे ५० ग्रॅम बिनहाडाचे कच्चे चिकन आहे असे समजा. त्यातून सुमारे ६० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने मिळतात. हे चिकन दही-मसाल्यात मुरवून अर्धा चमचा तेलावर तव्यात परतले तर तेलाच्या वीस-बावीस कॅलरी धरून काडी ८० कॅलरींच्या आसपास जाते. त्याला ५ ग्रॅम बेसनाचा किंवा तांदळाच्या पिठाचा पातळ हात लावून तळले आणि काडीने ४ ग्रॅम तेल घेतले, तर ती साधारण ११५ कॅलरींची झाली. आता मैदा, अंडे आणि पावाचा चुरा असे जाड आवरण दिले, पीठ आणि चुरा मिळून १२ ग्रॅम धरले आणि तेल ८ ग्रॅम, तर त्याच काडीच्या १८० कॅलरी होतात. मांस तेच, प्रथिने जवळपास तेवढीच आणि कॅलरी मात्र दुपटीहून अधिक.

गप्पांत सहा काड्या सहज संपतात. पहिल्या प्रकारच्या सहा काड्या म्हणजे ४८० कॅलरी, तिसऱ्या प्रकारच्या सहा म्हणजे १०८० कॅलरी. म्हणजे मुख्य जेवण सुरू होण्याआधीच एक संपूर्ण जेवण होऊन गेलेले असते. हैदराबादच्या 'राष्ट्रीय पोषण संस्थे'ने २०२४ साली सुधारित आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यातल्या २००० कॅलरींच्या नमुना आहारात दिवसभराचे तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. जाड आवरणाच्या सहा काड्यांतच ४८ ग्रॅम तेल पोटात गेले.

हे आकडे तुमच्या घरी थोडे मागेपुढे होतील. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी तळण्याआधी कढईतले तेल मोजावे, तळून झाल्यावर तेल निवले की पुन्हा मोजावे. जेवढे कमी झाले, त्यातले थोडे भांड्याला आणि कागदाला गेले, बाकीचे घरातल्या माणसांच्या पोटात. हा प्रयोग एकदा केला की माणूस पुढे आपोआप हात आखडता घेतो.

जपानमध्ये ओसाका शहरात काडीवरचे मांस तळून खाण्याची मोठी परंपरा आहे. तिथे या पदार्थाला 'कुशिकात्सु' म्हणतात, 'कुशि' म्हणजे काडी. शिनसेकाई या कष्टकऱ्यांच्या वस्तीत हा पदार्थ लोकप्रिय झाला आणि तिथल्या एका नामांकित दुकानाची सुरुवात १९२९ सालची आहे. स्वस्तात पोट भरावे आणि अंगात ताकद यावी अशी गरज असलेल्या, दिवसभर राबणाऱ्या माणसांचे हे खाणे. त्यावर पावाच्या चुऱ्याचे आवरण असतेच. पण त्या लोकांच्या दोन सवयी पाहण्यासारख्या आहेत. काड्या लहान असतात आणि सोबत कच्च्या कोबीची पाने असतात. चार घास तळलेले की एक पान कोबीचे. आपल्याकडे कबाबाबरोबर कांदा, लिंबू, पुदिन्याची चटणी देतात त्यामागेही हाच शहाणपणा आहे. फक्त आपण तो कांदा शोभेचा समजून ताटातच ठेवून देतो.

खिम्याचे कबाब

खिम्याच्या सीख कबाबाचे गणित थोडे वेगळे आहे. चरबी नसलेल्या खिम्याचे कबाब कोरडे होतात आणि सळईवर टिकत नाहीत, म्हणून त्यात मुद्दाम चरबी घालतात. पाचवा हिस्सा चरबी असलेल्या ५० ग्रॅम खिम्यात १० ग्रॅम चरबी झाली, म्हणजे ९० कॅलरी केवळ चरबीच्या. असा कबाब तव्यावर किंवा तेलात गेला की देवाणघेवाण सुरू होते. आतली चरबी वितळून बाहेर येते आणि बाहेरचे तेल थोडे आत जाते. आवरण नसलेल्या चरबीदार कबाबात कधीकधी गेलेली चरबी आलेल्या तेलापेक्षा जास्त भरते. म्हणून असे कबाब तव्यावर तेल न घालता, मंद आचेवर त्यांच्याच चरबीत होऊ द्यावेत आणि तव्यात सुटलेली चरबी काढून टाकावी. ती पावाने पुसून खाणे चवीला चांगले लागते हे मला ठाऊक आहे, पण तिथेच सगळी बचत वाया जाते.

खिम्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात आणि उष्णतेने चटकन मरतात. खिमा करताना पृष्ठभाग आणि आतला भाग एकत्र होतो, त्यामुळे जंतू आतपर्यंत पोचतात. जाड कबाब मोठ्या आचेवर बाहेरून तांबूस होतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून कबाब बोटाएवढे जाड ठेवावेत, एक मोडून आत पाहावे आणि गुलाबी रंग किंवा लालसर पाणी दिसले तर आणखी शिजवावेत. घरी मांसाचा तापमापक असेल तर मटणाच्या खिम्यासाठी ७१ आणि चिकनसाठी ७४ अंश सेल्सियस हे आतले तापमान लक्षात ठेवावे. गोठवलेले पाकीट बाहेर काढून ओट्यावर तासन् तास ठेवू नये, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे.

आणि मीठ. अर्धा किलो खिम्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ घातले आणि दहा कबाब केले, तर प्रत्येकात अर्धा ग्रॅम आले. चार कबाबांत दोन ग्रॅम. त्यावर चाट मसाला, चटणी, सॉस. दिवसाला एकूण ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सांगितली जाते. जेवायला बसण्याआधीच ती निम्मी संपली. रक्तदाब असलेल्यांनी तेलाइतकेच लक्ष मिठाकडे द्यावे.

पुन्हा पुन्हा तापणारे तेल

घरच्या कढईपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती रस्त्यावरच्या आणि समारंभातल्या कढईची. तेच तेल तासन् तास तापत राहिले की त्यात तीन प्रकारचे बदल होतात. मांसातून आलेल्या पाण्यामुळे तेलाचे विघटन होते, हवेतल्या प्राणवायूमुळे ते खवट होते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट, चिकट बनते. मांस तळताना हे अधिक वेगाने घडते, कारण मसाला, मीठ, पिठाचे कण तेलात पडून जळत राहतात. दाट झालेले तेल काडीला जास्त चिकटते आणि पर्यायाने पोटातही जास्त जाते.

तेल किती खराब झाले हे मोजण्यासाठी त्यातल्या 'ध्रुवीय संयुगां'चे प्रमाण पाहतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ही मर्यादा २५ टक्के ठरवली असून १ जुलै २०१८ पासून ती लागू आहे. त्यापुढे गेलेले तेल खाण्यासाठी वापरायला मनाई आहे. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची मोहीमही सुरू झाली. वनस्पती तूप आणि तत्सम स्निग्ध पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. नियम झाले, पण गाडीवर उभे असताना आपल्याजवळ प्रयोगशाळा नसते. तिथे डोळे आणि नाक कामी येतात. तेल काळपट आहे, वर फेस धरून राहतो आहे, पदार्थ टाकण्याआधीच धूर निघतो आहे, वास घशाला लागतो आहे, यातले काहीही दिसले तर तिथली काडी घेऊ नये. निखाऱ्यावर भाजणाऱ्या शेजारच्या गाडीकडे वळावे.

घरी तळून उरलेले तेल निवल्यावर गाळून घ्यावे आणि एक-दोन दिवसांत फोडणीला, रश्श्याला संपवावे. पुन्हा तळण्यासाठी ते वापरू नये, असेच राष्ट्रीय पोषण संस्थेचेही सांगणे आहे. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे लहान, खोल कढई घ्यावी आणि मुळातच तेल कमी घ्यावे.

काळे आणि लाल

मांस फार मोठ्या उष्णतेवर काळे पडेपर्यंत शिजवले की त्यात काही घातक संयुगे तयार होतात. निखाऱ्यावर भाजताना चरबी आगीत पडून जो धूर उठतो, त्यातून वेगळ्या प्रकारची घातक द्रव्ये मांसावर बसतात. म्हणजे भाजणे पूर्ण निर्दोष आणि तळणे पूर्ण दोषी असे नाही. दोन्हीकडे करपण्याला मर्यादा हवी. करपलेला भाग काढून टाकावा. मांस आधी दही, लिंबू, लसूण, मसाल्यांत मुरवून ठेवले तर ही संयुगे कमी तयार होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या घरची मुरवण्याची पद्धत इथे कामाला येते.

'जागतिक आरोग्य संघटने'च्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवलेले, धुरावलेले, टिकवलेले मांस कर्करोगाला कारण ठरते असे जाहीर केले आणि बोकड, मेंढी यांच्यासारख्या तांबड्या मांसाला 'बहुधा कारण ठरणारे' या गटात टाकले. या गटांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पुरावा किती भक्कम आहे ते गट सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे. रोज ५० ग्रॅम टिकवलेले मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. महिन्यातून दोनदा कबाब खाणाऱ्याने यामुळे झोप घालवू नये. पण तयार कबाबाचे पाकीट घेताना त्यावर सोडियम नायट्राइट किंवा 'आयएनएस २५०' असे लिहिले आहे का ते पाहावे. असेल तर ते ताज्या खिम्याच्या नव्हे, टिकवलेल्या मांसाच्या पंक्तीत बसते.

दुसरा रंग लाल. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने कबाबात कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली, कारण तपासलेल्या काही नमुन्यांत असे रंग आढळले होते. काडी खाल्ल्यावर बोटे लाल होत असतील तर तो कृत्रिम रंग असू शकतो. घरी बेडगी किंवा काश्मिरी मिरचीने पुरेसा सुंदर रंग येतो.

एकच ताट, दोन माणसे

हा सगळा हिशेब शेवटी घरातल्या माणसांसाठी करायचा असतो. समजा, एका घरात सोळा वर्षांची मुलगी आहे, तिचे हिमोग्लोबिन कमी आहे. तिचे वडील पन्नाशीचे, मधुमेह आणि रक्तदाब असलेले. आई काळजीने कबाब दोघांनाही बंद करते, किंवा प्रेमाने दोघांनाही भरपूर वाढते. दोन्ही चूक.

मुलीला त्या काडीवरच्या मांसाची गरज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. मांसातले लोह शरीरात धान्य-भाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते. शिवाय त्याच जेवणातल्या भाजी-भाकरीतले लोह शोषायलाही मांस मदत करते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. तिला मटणाचे दोन-तीन कबाब, पातळ आवरणाचे किंवा तव्यावरचे, सोबत भाकरी आणि पालेभाजी असे द्यावे. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको, तो लोहाच्या आड येतो. रक्तक्षय बरा करायला नुसते कबाब पुरणार नाहीत, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात.

वडिलांची समजूत वेगळी असते. "मी भात-पोळी खात नाही, नुसते चिकन खातो," असे सांगून ते जाड आवरणाच्या सहा काड्या संपवतात. मघाच्या हिशेबाने त्यांनी ७२ ग्रॅम मैदा आणि चुरा खाल्ला, जवळजवळ तीन पोळ्यांचे पीठ, तेही तेलात भिजलेले. त्यांनी बिनआवरणाच्या दोन-तीन काड्या खाव्यात, मीठ बेताचे ठेवावे, कांदा-काकडी-कोबी भरपूर घ्यावी आणि त्या काड्या जेवणाचाच भाग धरून पुढचे जेवण तेवढे कमी करावे. आवरणाच्या काड्यांची हौस असेल तर एक घ्यावी, चवीपुरती. घरी एअर फ्रायर असेल तर तेलाचा हात लावून त्यातही काड्या चांगल्या होतात, पण त्याने तेल कमी होईल, मैदा नाही.

आणि कढईसमोर उभे असणाऱ्या माणसाला विसरू नका, आपल्याकडे ती बहुधा आईच असते. मोठ्या उष्णतेवर तळताना निघणाऱ्या धुराचाही कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा घातक' या गटात समावेश केला आहे. खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट फॅन लावा, तेलातून धूर येऊ देऊ नका. पाहुणे गप्पा मारत असताना तिने तासभर धुरात उभे राहून पन्नास काड्या तळाव्यात, हे कुणाच्याच हिताचे नाही. दोन काड्या माणशी, एका बैठकीत तळून झाल्या की गॅस बंद करावा आणि तिनेही ताट घेऊन सगळ्यांबरोबर बसावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)